शिगेचं माप

मला बघायला आले तेव्हा सासऱ्यांनी एकच प्रश्न विचारला, "मापं-वजनं जमत्यात का?" मी नाशिकची, केमिस्ट्रीत बी.एस्सी. झालेली. मान जरा ताठ करून हो म्हणाले. मला वाटलं, शिक्षणाची कदर असलेलं घर दिसतंय. लग्नानंतर आठवडाभरात कळलं, की म्हाताऱ्याला बंदुकीची दारू मोजायला माणूस हवं होतं.

हे नव्वदच्या दशकातलं, हरसूलच्या वाटेवरच्या एका गावातलं. भुईमूग भरायला लागला की डोंगरातून रानडुकरं उतरायची. त्यांना हुसकायला सासऱ्यांकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. तिच्या नळीत तोंडाकडून दारू ओतायची, वर चिंधी ठासायची आणि दिवेलागणीला बांधावरून आभाळात एक बार काढायचा. डुकरं त्या आवाजाला भ्यायची की सासऱ्यांच्या शिव्यांना, हे मला आजही सांगता येणार नाही.

मोतीबिंदूमुळे त्यांना मापाची कड दिसेनाशी झाली होती. म्हणून एका बाराला एक, अशा कागदाच्या पुड्या बांधायचं काम माझ्याकडे आलं. माप म्हणजे कुठल्याशा जुन्या बाटलीचं पितळी टोपण. ते भरायचं, पोस्टकार्डाची कड वरून सपाट फिरवायची, उरलेली दारू परत डब्यात. कॉलेजात शिकलेल्यापैकी संसारात उपयोगी पडलं ते एवढंच.

सासऱ्यांना ते पोस्टकार्ड बघवायचं नाही. हरसूलच्या बाजारात ते शेंगा विकायला बसत, तेव्हा माप शिगेला भरत आणि शेंगा घरंगळायला लागल्या तरी वर आणखी मूठभर टाकत. असं वरचं सपाट काटून माप देणारा माणूस त्यांच्या लेखी चोर. मी सांगून पाहिलं, "मामंजी, शेंगा जास्त झाल्या तर गिऱ्हाईक खूश होतं. दारू जास्त झाली तर नळी फुटेल."

"बंदूक माझ्या बापाची हाय," ते म्हणाले. "तिला या घरची रीत म्हाईत हाय."

बरं, नुसतं मला बोलून थांबले तर ते सासरे कसले! शेंगा काढायला आलेल्या बायका आणि भावकीतली चार माणसं ओट्यावर चहा पीत होती. त्यांच्यासमोर त्यांनी माझी पुडी वर धरून दाखवली. "बघा, आमची शहरातली सून. दारूबी काटून देती. उद्या पाव्हण्याला भाकरीबी मोजून वाढंल." सगळे पोट धरून हसले. मी आत जाऊन चुलीपुढे रडले.

घरात येऊन सहा महिने झाले होते. ह्या माणसांनी मला आपलं म्हणावं याची मला इतकी हाव सुटली होती, की दुसऱ्या दिवशी पुडी बांधताना मी पोस्टकार्ड बाजूला ठेवलं. टोपण शीग येईपर्यंत भरलं. वर एक चिमूट टाकली. मग रागाच्या भरात आणखी एक. अडाण्याने केलं असतं तर एक वेळ माफ होतं. मी सगळं कळत असून केलं.

संध्याकाळी बार झाला तो असा, की माझ्या हातातलं ताट खाली पडलं. धावत बांधावर गेले तर सासरे शेंगांच्या ढिगात उताणे, टोपी एकीकडे, बंदूक दुसरीकडे, आणि तोंडाने डुकरांच्या सात पिढ्यांचा उद्धार चाललेला. शिव्या ऐकून माझा जीव भांड्यात पडला. नळी शाबूत होती, पण खांद्याला टेकवलेल्या दस्त्याच्या दणक्याने गळ्याखालचं हासळीचं हाड मोडलं होतं.

त्र्यंबकच्या डॉक्टरांनी हे कसं झालं म्हणून विचारलं. मी तोंड उघडायच्या आत सासरेच बोलले, "म्या येड्यानं दोन पुड्या टाकल्या. दिसत नाय ना." उभ्या जन्मात ह्या गृहस्थांनी स्वतःची चूक कबूल केलेली कोणी ऐकली नव्हती. आणि आता केली, तीही न केलेली.

परतीच्या जीपमध्ये मला राहवेना. "मामंजी, पुडी एकच होती. मीच जास्त भरली होती."

"म्हाईत हाय. हातात घेतली तव्हाच जड लागली."

"मग टाकलीत कशाला?" मी जवळजवळ ओरडलेच. जीपमधली माणसं वळून बघायला लागली.

त्यांनी बांधलेला हात जरा सावरला. "तू पयल्यांदाच सढळ हातानं काय दिलं व्हतं, पोरी. ते कमी कर म्हनून माघारी कसं द्यायचं?"