निगेटिव्ह म्हंजी चांगलंच की

कॅन्सरच्या पेशीवर एखादी खूण असते. त्या खुणेलाच चिकटेल, दुसऱ्या कशालाही नाही, अशी प्रतिपिंडं तयार करायची, हा माझा धंदा. पुण्याच्या प्रयोगशाळेत वीस वर्षं मी हेच केलं. प्लेटच्या बारीक खळग्यांत रंग चढला की पॉझिटिव्ह, नाही चढला की निगेटिव्ह. एखादा विद्यार्थी नुसतंच "निगेटिव्ह आलं" म्हणाला की मी त्याला फाडून खायची. "निगेटिव्ह म्हणजे काय निगेटिव्ह? आधी काय तपासलंस ते सांग!"

दौंडजवळच्या राहू गावात, आमच्या घरी माझं काम कुणाला धड कळलं नाही. दादा पाहुण्यांना सांगायचा, "ती उंदरांची डाक्टर हाय." वहिनी त्याला दटावायची, "आवो, कॅन्सरची लस करत्यात वन्सं!" तेही चूकच, पण मी कधी दुरुस्त केलं नाही. माझ्या शिक्षणाला घरातले सगळे आडवे आले, तेव्हा माझ्या बाजूनं एकटी वहिनी उभी राहिली होती. तिनं म्हटलेलं मला गोड लागायचं.

करोना येऊन गेला आणि गावाला दोन इंग्रजी शब्द पाठ झाले. पॉझिटिव्ह म्हणजे घात, निगेटिव्ह म्हणजे सुटलो.

त्यानंतर वहिनीच्या छातीत गाठ लागली. दौंडच्या दवाखान्यात तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आला की मला फोन करा, असं मीच बजावलं होतं. फोन आला तेव्हा मी हातातली प्लेट यंत्रात सरकवत होते. दादा ओरडतच होता, "निगेटिव्ह आला गं! निगेटिव्ह!" मागून वहिनीचं हसू ऐकू आलं. "बरं झालं बाई," मी म्हणाले, "रविवारी येते." फोन ठेवला आणि आकडे वाचायला लागले.

रविवारी गेले नाही. गेले ती चार महिन्यांनी. वहिनीचा हात सुजून ब्लाउजच्या बाहीत मावत नव्हता. मी रिपोर्ट मागितला. तो देवघरात ठेवला होता, वर कुंकवाचं बोट लावून. एकच पान होतं. गाठ कॅन्सरची आहे हे आधीच ठरलेलं होतं. तिच्यावर कुठली खूण आहे, कुठलं औषध चालेल, एवढंच त्या पानात तपासलेलं. तपासलेल्या तिन्ही खुणा निगेटिव्ह, म्हणजे त्यांच्यावरची औषधंही बाद. आधीचं पान दवाखान्यातच राहिलं होतं. डॉक्टरांनी दोनदा निरोप धाडला होता, येऊन भेटा म्हणून. दादा गेला नाही. कशाला जाईल? पुण्याची बहीण बरं झालं म्हणाली होती.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, ते हेच. त्या दिवशी मला माझी किळस आली.

पुण्याला नेलं, सुया सुरू झाल्या, केस गेले. तोवर कॅन्सर यकृतात उतरला होता. एकदा वहिनीनं विचारलं, "वन्सं, तुमचं औषिद मला कवा द्यायचं?" मी सांगितलं, ते एका खुणेला शोधत जातं, तुमच्या गाठीवर ती खूणच नाही.

"म्हंजी तुमचं औषिद मला वळखतच न्हाई म्हना की."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? पावसाळा सरायच्या आत ती गेली.

दहाव्याला नदीवर सगळी भावकी जमली होती. दादा कपाळ बडवत होता, "मला अडाण्याला इंग्रजी कळलं न्हाई, म्हनून गेली ती!" भावकीतले एक आबा त्याच्या शेजारी टेकले. म्हणाले, "आरं, घरात यवढी शिकलेली भन आसताना तिला तरी एकदा इचारायचं हुतंस."

दादानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. त्याला तो फोन आठवत होता, मलाही आठवत होता. मी तोंड उघडलंसुद्धा.

"ऱ्हायलं, आबा," दादा म्हणाला. "इचारायचं ऱ्हायलंच."

मी तोंड मिटलं.