चार बोटांचा खिसा

टेलरबाईंचा हात असा साफ, की अस्तरातला खिसा शिवणाऱ्यालाही पुन्हा सापडू नये. शाळेच्या पोरी म्हणूनच त्यांच्याकडे यायच्या. "काकू, कोटाला आतून छोटा खिसा. पेनसाठी." चार बोटं लांब, दोन बोटं रुंद. बाईंनी असे सात खिसे शिवले. दिलेल्या मापात शिवायचं, चौकशा करायच्या नाहीत, ही त्यांची जुनी सवय.

आठवा कोट लेकीचा आला. लेक नववीत. "आई, मलाही तसाच."

बाईंनी अस्तरावर खडूने खूण केली आणि कात्री शोधायला वळल्या. तेवढ्यात त्यांच्या धाकट्या भावाने हातातली वाफेची कांडी, त्याची ई-सिगारेट, टेबलावर टाकली. बदली झाल्यापासून दोन महिने तो बहिणीकडेच राहत होता. दिवसभर त्याच्या तोंडातून स्ट्रॉबेरीच्या वासाचे ढग निघायचे. "धूर नाही गं ताई, नुसती वाफ."

कांडी पडली ती नेमकी खडूच्या खुणेत. सुतभरही इकडेतिकडे नाही.

बाईंनी कांडीला बोटं लावून पाहिली. चार लांब, दोन रुंद. इतकी वर्षं मापं घेतली आणि पेन चार बोटांत मावत नाही, हे कळू नये?

"ओढलंस?"

"नाही अजून." लेकीची मान खाली. "वास छान येतो. मामा सारखा ओढतो, तू काहीच म्हणत नाहीस. मला वाटलं, एवढं काही वाईट नसेल."

भाऊ उसळला. "मी तिला कधी हात तरी लावू दिलाय का?"

"हातात देत नाहीस. डोळ्यांना रोज देतोस. आणि मी बघत बसते. आजपासून घरात ही कांडी नाही."

"मग गॅलरीत?"

"गॅलरी काय शेजारणीची आहे?"

तो दोन दिवस फुगून बसला. तिसऱ्या दिवशी लेकीने कोट परत आणला, खिसा नको म्हणून स्वतःच ब्रशने खडू झटकलेला. तो बघून भावाने कांडी कचऱ्यात टाकली. पुढचे तीन आठवडे तो सगळ्यांच्या अंगावर खेकसायचा आणि किलोकिलोने गाजरं खायचा. "घरात ससा पाळलाय," लेक म्हणायची. हात रिकामे नकोत म्हणून बाईंनी त्याला उसवणीला बसवलं. साती पोरींना निरोप गेला होता : खिशाचं माप चुकलंय, फुकट दुरुस्त करून देते.

"काकू, मी खरंच पेन ठेवते!" एक म्हणाली.

"ठेव बघू."

पेन अर्धं बाहेर. मामासकट सगळे हसले, मग तीही हसली. सातपैकी सहा कोट उसवले गेले. सातवी आलीच नाही. बाई तिच्या आईकडे स्वतः जाऊन आल्या.

परीक्षेच्या आठवड्यात लेक पुन्हा कोट घेऊन उभी. "खिसा शिव. माप मी आणलंय." तिने टेबलावर पेन ठेवलं.

बाईंनी त्याच्याभोवती खडू फिरवला आणि मशीन अशी दामटली, की भावाच्या हातातलं गाजर खाली पडलं. खिसा त्यांनी मुद्दाम बाहेरच्या बाजूला शिवला, लाल दोऱ्याने, सगळ्या वर्गाला दिसेल असा.