डाव्या मनगटावरची गाठ

आधी नाव लिहितो — फिलुमावशी. वसईजवळ होळी गावात तिची वाडी आहे. माझ्या ना नात्याची, ना गावची, ना धर्माची. ती नसती तर हे लिहायला मी नसतो. पुढचं खरं माना नाहीतर सोडून द्या, पण हे नाव लक्षात ठेवा.

मी अंबाजोगाईकडचा. सहावीत शाळा सुटली. शिक्षण कमी म्हणजे भुताखेतांवर विश्वास असणारच, असं कुणी समजू नका. आमच्याकडे एखादीच्या अंगात आलं की मी तोंडावर हसायचो. आता हसत नाही, एवढंच.

दोन हजार पाच-सहाची गोष्ट. मी मावशीच्या वाडीत कामाला होतो आणि पंपाशेजारच्या खोलीत राहायचो. त्या हिवाळ्यात छातीत काहीतरी सुरू झालं... पिशवीत जिवंत खेकडे भरले की पिशवी कशी हलते, तसं. चालता चालता डोळ्यांपुढे अंधारी. वसईच्या डॉक्टरांनी ईसीजी काढून मुंबईला धाडलं. तिथले डॉक्टर म्हणाले, एट्रियल फिब्रिलेशन. ठोके बेताल पडतात, त्यामुळे आत रक्ताची गुठळी होऊ शकते, ती मेंदूत गेली की लकवा. गोळ्यांनी तुमचे ठोके ताळ्यावर येत नाहीत. दुसरा उपाय अॅब्लेशन — मांडीच्या शिरेतून तार हृदयापर्यंत न्यायची आणि जिथून गडबड सुरू होते तिथे बारीक बारीक डाग द्यायचे.

"डाग म्हणजे... जाळायचं?"

"हो. पण छाती उघडायची नाही. एकदा करून भागेलच असं नाही, थोडा धोकाही आहे. विचार करून सांगा."

विचार काय करणार, कपाळ! एसटीडी बूथवरून बायकोला सांगितलं तर ती रडायलाच लागली. "जित्या काळजाला डाग देऊ देऊ नका. गावाकडं या." आणि इकडे पास्कूदादा, मावशीचा मोठा दीर. त्याच्या डोळ्यांत मी पहिल्या दिवसापासून खुपायचो. "काय रे घाटी, काळीज भाजायला मुंबई कशाला? आमची चूल काय वाईट आहे?"

मावशीचं माहेर सुकेळ्यांसाठी नावाजलेल्या आगाशीचं, त्यामुळे तिच्याकडे सुकेळी व्हायची. पिकलेली राजेळी केळी सोलून बांबूच्या उंच माचावरच्या चटयांवर उन्हात घालायची, दव पडायच्या आत उचलायची, आणि वाळली की केळीच्या सोपटाच्या, म्हणजे खोडाच्या सालीच्या, पट्टीने पुडे बांधायचे. एका दुपारी केळी पसरून मी खोलीत आडवा झालो. कळ आली म्हणून जाग आली, तर डाव्या मनगटाला सोपटाची ओली पट्टी! इतकी आवळलेली की बोटं निळी पडलेली.

मी तसाच बाहेर धावलो. पास्कूदादा समोरच होता. म्हणलं, "दादा, ही कसली मस्करी?"

"मी? तुझ्या अंगाला हात लावायला मला वेड लागलंय?" असं म्हणत तो जवळ आला आणि गाठ बघून थांबला. आवाजच बदलला त्याचा. "ही गाठ तुला कुणी शिकवली रे?"

खोलीची कडी मीच आतून काढून बाहेर आलो होतो, हे मला तेव्हा कुठे आठवलं.

मावशी विळा घेऊन आली, पट्टी कापली आणि ओट्यावर बसूनच राहिली. "इनासची आहे," म्हणाली. इनास म्हणजे तिचा नवरा, वारून बरीच वर्षं झालेली. तो डावखुरा. गाठ डावीकडून वळवून टोक आत दाबायचा. घरात दुसरं कुणी तशी बांधत नाही.

मग तिने सांगितलं. इनासचेही ठोके असेच चुकायचे. डॉक्टरांनी मुंबईला जा म्हणून सांगितलं, तर हा म्हणे, सुकेळी होऊ देत, मग बघू. माझ्याच खोलीत तो पडला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. "मग नुसता पडून असायचा, आणि डाव्या हाताने माझं मनगट धरायचा... निळं पडेस्तोवर."

हे ऐकून शहाणपण यायला हवं होतं, पण मला नुसती भीती वाटली; इथून पळायचं, एवढंच ठरलं. "मावशी, मला नाही घ्यायचे डाग. मी उद्या गावाला निघतो." तिने नुसता क्रूस काढला अंगावर.

केळी उचलायची वेळ झाली होती. ऊन होतं अजून. मी माचाच्या एका टोकाला वाकलेला, तर पलीकडच्या टोकाचं एक केळं चेपलं गेलं. वरून कुणी तळवा दाबावा तसं. मग त्याच्या शेजारचं. मग पुढचं. वारा नाही, कावळा नाही. ओळीने माझ्याकडे येत होतं ते. पास्कूदादाच्या हातातून टोपली पडली. आणि मग छातीवर थंड, सपाट तळवा... ढकललं मला. मी उताणा पडलो, तरी वजन उठेना. आत खेकडे पिसाळले. वाटलं, संपलं.

मावशी धावत आली, तिने माझ्याकडे बघितलंही नाही. माझ्या आणि माचाच्या मध्ये उभी राहिली आणि मोकळ्या जागेवर ओरडायला लागली, तिच्या घरच्या बोलीत. मला जेवढं कळलं ते असं — "इनास, हात काढ! मी तुझ्या पाया पडले, तू मुंबईला गेला नाहीस. माझी वर्षं त्या खोलीत घालवलीस. आता ह्या परक्या पोराची घालवतोस? हा जाणार! मी नेणार ह्याला! सरक!"

वजन उठलं.

तिने खरंच नेलं. चर्चमधल्या लोकांकडे माझ्या खर्चासाठी शब्द टाकला, आणि माझं अॅब्लेशन होईपर्यंत रोजरीची माळ घेऊन हॉस्पिटलच्या बाकावर बसून राहिली. ठोके ताळ्यावर आले. आज मी नायगावला एका टॉवरवर वॉचमन आहे. लिफ्ट बंद पडली तर जिने चढतो.

ते काय होतं? मावशी म्हणते, वाचा गेलेला माणूस दुसरं कसं सांगणार, मुंबईला जा म्हणून. पास्कूदादा म्हणतो, त्याला त्याच्या खोलीत दुसरा पुरुष नको होता, बस. डॉक्टर म्हणाले, ताण. पण चेपलेली केळी तिघांनी बघितली, साहेब. माझ्यापुरतं सांगतो... तो तळवा मला कुठे पाठवत नव्हता. त्यात राग होता, मी अजून वाचू शकतो याचा. मग तिच्या एका शब्दावर का थांबला?

मावशी, हे तुला कुणीतरी वाचून दाखवेल. त्या दिवशी माझ्यासाठी तू ज्याला "सरक" म्हणालीस, तो तुझा नवरा होता. हे मी फेडीन. कसं ते कळत नाही अजून, पण एक दिवस फेडीनच.