नाडी शिकवणारी सत्यशीला

सत्यशीला खंदारेची नर्स म्हणून नेमणूक झाली ती तिच्याच गावात, राणीसावरगावच्या अलीकडे. पांढरं पातळ नेसून ती वेशीतून आत आली, तेव्हा तिचा बाप नागनाथ असा ताठ चालत होता, की नेमणूक त्याचीच झाली असं वाटावं. नामांतराच्या दंगलीत याच गावातल्या लोकांनी त्याचं घर जाळलं होतं. तो गाव सोडून गेला नाही. त्याच जागेवर पत्रे टाकले, पोरीला शिकवलं. असल्या बापाची लेक मान खाली घालून कशाला चालेल?

पुढं गावातले मोठे शेतकरी माणिकराव मुंबईहून उपचार घेऊन आले. त्यांचं काळीज मनाला येईल तसं धडधडायचं. डॉक्टरांनी विजेचा झटका देऊन ते ताळ्यावर आणलं, पण पाठवताना बजावलं की ते पुन्हा बिघडू शकतं आणि माणसाला कळतसुद्धा नाही. रक्ताची गुठळी होऊन मेंदूत गेली की अर्धं अंग लुळं. म्हणून नाडी रोज बघायची, आणि वेडीवाकडी लागली की त्याच दिवशी परभणी गाठायची. नाडी बघणारी गावात एकच होती. सत्यशीलाला बोलावणं गेलं.

ओसरीवर माणिकरावांनी हात पुढं केला, तोच त्यांच्या बायकोनं, नर्मदाबाईनं, मनगटावर धोतराचं फडकं टाकलं.

"याच्यावरून बघ. आत्याबाईंचा उपास हाय, इटाळ नको."

आत्याबाई म्हणजे सासू, चतुराबाई. ती दारातच माळ ओढत बसली होती. बाई पाहिजे पण बाईचा हात नको, असा सगळा कारभार. खरं म्हणजे फडक्यावरूनही नाडी थोडीफार लागली असती. पण सत्यशीलाचे कान तापले. उठून जावं, तर उद्या या माणसाचं अंग लुळं पडल्यावर काय? पेशंट टाकून जाणाऱ्यातली ती नव्हती.

"कापडावरून मी नाडी बघत न्हाई, काकू," ती म्हणाली. बाप पाटलीणबाई म्हणायचा, ती काकू म्हणायची. "तुमीच शिका. तुमाला तर मालकाचा इटाळ न्हाई ना?"

आता पंचाईत नर्मदाबाईची झाली. लेकींची लग्नं होऊन गेली, तरी सासूदेखत तिनं नवऱ्याचा हात कधी धरला नव्हता. पदर दातात धरून तिनं मनगट चाचपलं. माणिकराव आढ्याकडं बघत बसले.

"अंगठा न्हाई. तीन बोटं."

तरी काही लागेना. सत्यशीला हाताची घडी घालून उभी. शेवटी नर्मदाबाईच वैतागली.

"लांबून काय सांगायलीस? माझा हात धरून दाखीव की."

चतुराबाईची माळ थांबली. सत्यशीलानं नर्मदाबाईचा हात धरला, फडकं बाजूला सारलं आणि तिची बोटं बरोब्बर जागेवर टेकवली. "उखळात मुसळ कसं पडतंय एका मापानं? तसं लागलं पायजे. माप चुकलं की मला हाक मारा."

नर्मदाबाई लय चिवट निघाली. रोज अंघोळ झाली की नवऱ्याचा हात धरायची. सत्यशीला अधूनमधून जाऊन परीक्षा घ्यायची आणि स्वतः नाडी बघून खात्री करायची. फडकं पुन्हा कुणी मधे आणलं नाही.

पोळ्याच्या दिवशी माप चुकलं. वेशीतल्या तोरणाखालून पहिला बैल माणिकरावांचा जायचा. बैल सजले होते, वाजंत्री दारात आलेली. "मला काय बी होईना," माणिकराव म्हणाले. "पोळा होऊ दे, उद्या बघू." भाऊबंदांनीही तीच री ओढली. मान सोडायचा कसा?

नर्मदाबाई त्या गर्दीतून निघाली ती थेट नागनाथाच्या दारात.

"बाई, तुमी चला. माझं कुणी ऐकंना."

सत्यशीलानं सगळ्यांदेखत माणिकरावांची नाडी धरली. एक ठोका घाईत, दुसरा मागं राहिलेला.

"काकूंचं बरोबर हाय. आत्ताच निघा."

भाऊबंद कुरकुरायला लागले, तशी चतुराबाई बोलली, "ती म्हणती तर जा." मानाचा बैल दावणीलाच राहिला आणि सत्यशीलालाही घेऊन जीप परभणीच्या वाटेला लागली.

दवाखान्यात काळजाच्या ठोक्यांची पट्टी काढली. काळीज पुन्हा बिघडलं होतं, पण सापडलं वेळेत. औरंगाबादला पुन्हा झटका दिला की माणूस धडधाकट घरी येईल, असं डॉक्टर म्हणाले, आणि झालंही तसंच. पट्टी बघतानाच त्यांनी विचारलं, "लक्षात कुणाच्या आलं?"

"माझ्या," नर्मदाबाई म्हणाली. "शिकवलं ह्यांनी. आमच्या गावच्या नर्सबाई हायेत."

घरी येऊन सत्यशीलानं हे बापाला सांगितलं. नागनाथानं तिला ते पुन्हा सांगायला लावलं.

"आमच्या गावच्या म्हणल्या?"

"व्हय."

त्याचे डोळे भरून आले. "मग तू काय म्हणलीस?"

"डाक्टरांनी नाव इचारलं. मी पुरं सांगितलं, सत्यशीला नागनाथ खंदारे."