ओला थर

सरांनी माझं मॉडेल टेबलावरून खाली ढकललं आणि त्यावर बूट ठेवला. आधी कौलं गेली. मग भिंती. फार आवाज झाला नाही. माती होती.

"हे घर आहे? गोठा आहे गोठा. इथे आर्किटेक्चर शिकवतात. तुमची वस्ती दाराबाहेर ठेवून यायचं."

वर्ग हसला. वर्गात मुली दोनच. दुसरीही हसली.

"झाडून घे ते. सवय असेल तुला."

मी झाडलं. खाली बसून, हातानं. त्यांच्या बुटापेक्षा या झाडण्याची लाज मला जास्त वाटते, अजूनही. माती मात्र फेकली नाही. रुमालात बांधून घरी आणली.

माझा बाप मातीच्या भिंती घालणारा मिस्त्री. शहराच्या कडेला, नंदनवनच्या अंगाला आमची वस्ती, तिथली निम्मी घरं त्याच्या हातची. जाड भिंत, वर कौलं, कौलांखाली हवा खेळायला फट. मे महिन्यात कॉलेजच्या सिमेंटच्या इमारतीत पोरं डोक्यावर ओले रुमाल घेऊन नकाशे काढायची. आमच्या घरात माय दुपारची गाढ झोपायची. हे शिकवायला मला प्रोफेसर लागला नाही.

काम साधं आणि सावकाश. मातीत तणस, म्हणजे धानाचा पेंढा, घालून तुडवायची, मुरू द्यायची, मग हातभर उंचीचा एक थर. तो वाळेपर्यंत दुसरा नाही. बा अंगठा रोवून बघायचा. अंगठा आत गेला की काम बंद. मॉडेलचे थरही मी तसेच घातले होते. नऊ दिवस लागले होते.

वर्षभरात वारं फिरलं. स्वस्त घरं, गावातलं सामान, असं मोठे साहेब बोलू लागले. सरांनी लगेच कॉलेजच्या मागच्या आवारात मातीचं नमुना-घर काढलं. नकाशावर नाव सरांचं. मी तो नकाशा पाहिला. पश्चिमेच्या भिंतीत दिव्याचा कोनाडा होता. आमच्या घरात आहे म्हणून मी मॉडेलबरोबर दिलेल्या माझ्या नकाशात काढलेला. तो कशासाठी ते सरांना माहीत नव्हतं. ट्रेस करताना तसाच राहून गेला.

मातीची भिंत घालायला शहरात माणूस मिळेना. तेव्हा बाला बोलावलं.

चौथ्या दिवशी बा म्हणाला, "साहेब, मातीच्या भितीले घाई चालत नाही. खालचा थर ओला हाय. अंगठा जाऊन राहिला पाहा."

"शनिवारी पाहुणे येतायत. तू मला शिकवणार?"

"मी कायले शिकवू साहेब? भीतच शिकवते."

सरांनी आणखी मजूर लावले. एका दिवसात तीन थर चढवले. वरून सिमेंटचा गिलावा मारला, फोटोत नीट दिसावं म्हणून. ओल आतच कोंडली. बाला हे सगळं कळत होतं. तरी तो काम सोडून गेला नाही, कारण माझं वर्ष सरांच्या हातात होतं.

शुक्रवारी दुपारी भिंत बसली. बा खाली होता.

मी नखांनी माती उपसली. डाव्या पायाचं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं, त्याला तणस चिकटलं होतं. सर धावत आले. म्हणाले, "आधी हे इथून हलवा. उद्या पाहुणे आहेत."

हे म्हणजे माझा बाप.

सोमवारी त्यांनी मला खोलीत बोलावलं. टाइप केलेला कागद तयार होता. मिस्त्री दारू पिऊन कामावर आला होता, म्हणून अपघात झाला. खाली साक्षीदार म्हणून माझं नाव.

"सही कर. नाहीतर हे वर्ष विसर."

दीक्षा घेऊन आला त्या दिवशी बानं घरातलं दारूचं मडकं दारात फोडलं होतं. मी लहान होते, पण खापऱ्या मीच वेचल्या, म्हणून आठवतं. तेव्हापासून थेंब नाही.

मी पेन घेतलं. दारूची ओळ खोडली. खाली लिहिलं, थर ओला होता. मिस्त्रीने सांगितले होते. सरांनी ऐकले नाही. पूर्ण नाव घालून सही केली.

सरांनी कानाखाली मारली. माझा चष्मा भिंतीवर जाऊन फुटला. दुसऱ्यांदा हात उठला तेव्हा मी मनगट धरलं. लहानपणापासून मातीची घमेली उचललेली मी. पिरगाळलं. ते गुडघ्यांवर आले. "सोड, सोड," म्हणू लागले. मी तो हात टेबलाच्या कडेवर आपटला. दोनदा. काहीतरी मोडल्याचा आवाज आला.

मला वाईट वाटलं नाही. आज वाटतं का? नाही.

कागद घडी करून मी घेऊन गेले. तो माझ्याजवळ आहे हे त्यांना माहीत होतं, म्हणून तक्रार झाली नाही. नापास मात्र केलं.

दवाखान्यात बा माझ्यावरच भडकला. "मायं हाडूक तं मोडलंच. तुयं वरीस काहून मोडलं वं?"

"मंग तुले दारुड्या लिहू?"

बा अंगठा वर करून म्हणाला, "आत गेल्ता ना?"

"गेल्ता, बा."

"मंग लिवलं ते खरं हाय."

आठवड्यानं त्याचा पाय गुडघ्याखाली कापला.

जूनमध्ये मी त्याच वर्गात जाऊन बसले. तेच सर. त्यांचं उजवं मनगट अजून नीट वळत नव्हतं. मॉडेल पुन्हा मातीचंच केलं, रुमालात बांधून ठेवलेल्या त्याच मातीचं. कोनाडा ठेवला. टेबलावर मांडून मी मागे सरकले नाही, शेजारीच उभी राहिले. आमच्या घरातला एक पाय गेला होता. आता या भिंतीवर बूट आला, तर त्या बुटातला पाय धड परत जाणार नाही, एवढं मी घरून ठरवून गेले होते.