दाभणाचं भोक

आमच्या भाऊबंदकीत मी मोठा. वय सोडलं तर या मोठेपणाला दुसरा आधार नाही, पण भांडण झालं की लोक मलाच बोलावतात आणि मीही तोऱ्यात जातो. त्या दिवशी तर भांडण माझ्याच कांद्याच्या चाळीपुढं झालं. माझा सख्खा धाकटा भाऊ गोण्या भरत होता, चुलतभाऊ त्यांची तोंडं शिवत होता. सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांची जुंपली, आणि चुलतभावाच्या हातातलं वीतभर दाभण धाकट्याच्या डाव्या बरगडीखाली गेलं. घाबरून त्यानं ते लगेच उपसलंही.

मी शर्ट वर करून पाहिलं. तुरीच्या डाळीएवढं भोक, रक्ताचे दोन थेंब. मला हायसं वाटलं, हे लिहायची आज लाज वाटते. कोयत्याचा घाव असता तर मी धावत सुटलो असतो. भोकावर हळद दाबली, दोघांना समोरासमोर बसवलं आणि चहा मागवला. भांडण मिटलं की दोघांनी एका किटलीतला चहा प्यायचा, ही आमच्याकडची रीत. धाकट्याला नको होता. मी दटावलं, "पी गुमान. घरातलं घरात मिटू दे." त्यानं कप संपवला.

अर्ध्या तासात तो घामानं निथळू लागला. "दादा, खांदा लई दुखतोय," म्हणाला. बरगडीखाली टोचलं तर खांदा कशाला दुखेल? मला वाटलं, नाटकं करतोय. मग त्याचे ओठ पांढरे पडले आणि माझी पाचावर धारण बसली.

पिकअपमध्ये घालून त्याला राहुरीच्या दवाखान्यात नेलं. वाटेत चुलतभाऊ रडत होता. "पोलीस केस झाली तर पोरीचं जमल्यालं लगीन मोडंल, दादा." मी शब्द देऊन टाकला. "खिळ्यावर पडला म्हनू. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये." धाकटा मागं आडवा होता, सगळं ऐकत होता. त्याला कुणी विचारलं नाही.

"खिळा केवढा होता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी बोटाचं एक पेर दाखवलं. त्यांनी पोट दाबून पाहिलं, ते फळीसारखं कडक झालं होतं. सोनोग्राफी करून त्या बाहेर आल्या त्या थेट माझ्यासमोर.

"पोटात रक्त साठलंय, म्हणून तर खांदा दुखतोय. एका पेराचा खिळा एवढा आत जात नाही. काय लागलं, किती लांब, कुठल्या दिशेनं गेलं, खरं सांगा. आत आणखी काय फाटलंय ते कळायला हवं."

मी चुलतभावाकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली. आणि मी, सख्खा भाऊ आत पडलेला असताना, गप्प उभा राहिलो. आत धाकट्याला उलटी झाली. मी पाजलेला चहा बाहेर पडला होता. तेव्हा कुठं मी वीत पसरून दाखवली आणि दाभण म्हणालो.

"पोटात भोसकलेल्याला चहा पाजलात?" एवढंच त्या म्हणाल्या आणि फोनकडे वळल्या. दोन सलाईन लावून त्याला ॲम्ब्युलन्सनं नगरला हलवलं. तिथं पानथरी, म्हणजे प्लीहा, काढावी लागली. बाहेर डाळीएवढी दिसणारी जखम आत लिंबाएवढी फाटली होती, असं सर्जननं सांगितलं. केस व्हायची ती झालीच.

आठव्या दिवशी तो उशाला टेकून बसला. मी मोसंबी सोलत होतो. त्यानं विचारलं, "दादा, डॉक्टरनी इचारलं तवा तू गप का हुतास?"

"दोघं बी माझेच ना रं. दोघांना वाचवायचं हुतं."

मी पुढं केलेली फोड त्यानं परत ताटलीत ठेवली.

"पन मरत तर मी एकलाच हुतो."