मातेच्या तांब्यातलं पाणी

महाराष्ट्र राज्य झालं त्या सुमाराची गोष्ट. आम्ही तेव्हा दारव्ह्याला होतो. आमचे हे कचेरीत कारकून, घरचा सगळा कारभार सासूबाईंकडे, आणि माझा तीन वर्षांचा मुलगा गोवराने पडलेला. गोवर म्हणजे माता आली, असं सासूबाईंचं म्हणणं. म्हणून घरात फोडणी बंद, दाराला कडुनिंबाचा डहाळा, आणि माता जाईपर्यंत डॉक्टरला उंबरठा बंद. मुलाच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरलेला असे. ते पाणी मातेचं, त्याला कोणी तोंड लावायचं नाही. रोज सकाळी ते तुळशीला जाई.

पुरळ मावळलं आणि हगवण लागली. मी घाबरले. सासूबाई निवांत होत्या.

"अंगातली उष्णता निघून राह्यली, निघू दे. पाणी नको देऊ. पाणी देशीन तं अजून पातळ होईन."

आमचे हे चार बुकं शिकलेले. कचेरीत भल्याभल्यांना कायदा सांगत, घरी आईपुढे मूग गिळून बसत. मला सासूबाईंचा राग येई, यांचा त्याहून जास्त.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मुलाचे डोळे खोल गेले. रडायचा, पण डोळ्यांतून टिपूस येत नव्हतं. ओठ चाटायचा आणि तांब्याकडे बघायचा. पोरगा हातचा चालला आहे, हे मला दिसत होतं.

मी तांब्या उचलला.

"काय करून राह्यली वं? ते मातेचं पाणी हाय!"

"माता कुठं आहे?" मी विचारलं.

"त्याच्या अंगात."

"मग तिचं पाणी तिलाच पाजते."

मी चमच्याचमच्याने पाजत राहिले. ओकला, पुन्हा पाजलं. तांब्या रिकामा झाला की भरून उशाशी ठेवी, मातेला हात जोडी आणि पाजी. ते हात जोडणं निव्वळ नाटक होतं, असं मला आजही म्हणवत नाही. संध्याकाळी, दिवसभरात पहिल्यांदाच, त्याने शू करून अंथरूण ओलं केलं. ते पाहून मी ढसाढसा रडले.

सासूबाई तांब्या घासायला घेऊन अंगणात बसल्या होत्या. बराच वेळ घासत होत्या.

"माह्ये दोन लेकरं असेच गेले," माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या. "पाणी पाणी करत होते. तांब्या तं तवाही उशाशीच होता, भरून."